आगाऊ आलेला शोक

एप्रिल-मे २०२१ मधल्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर या सदराकडे, ज्यांच्या घरचे माणूस गेले अशांची पत्रे येतील अशी माझी अटकळ होती. ती आलीच; पण त्यांच्याहून अधिक पत्रे आली ती ज्यांच्या घरचे अद्याप कोणीच गेलेले नाही त्यांची. घरातली सगळी माणसे डोळ्यांसमोर हिंडत-फिरत आहेत, लस झाली आहे, आणि तरीही लिहिणाऱ्याला रडू आवरत नाही. तिसऱ्या लाटेच्या रोजच्या चर्चेने या रडण्याला मुदतही मिळाली होती, फक्त तारीख मिळाली नव्हती. म्हणून या अंकात तशीच तीन पत्रे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझे वय ४७. इंदूरला लोकमान्य नगरात आई-बाबांजवळ राहते. बाबा ८२ वर्षांचे, मिलमधून निवृत्त झालेले. त्यांना फुप्फुसांचा जुना विकार, सीओपीडी, आहे. एप्रिलमध्ये शेजारचे काका रुग्णालयात गेले ते परत आले नाहीत. काकूंनी त्यांना शेवटचे पाहिले ते रुग्णवाहिकेच्या दारात. तेव्हापासून माझ्या मनात बाबांचे सगळे होऊन जाते. रात्री दोन वाजता मी मनातल्या मनात पुण्याला भावाला फोन लावते, तो वेळेत पोहोचत नाही, उठावण्याच्या, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेच्या, सूचनेत काय लिहायचे त्याचे शब्दसुद्धा मी ठरवते. सकाळी बाबा नेहमीसारखे पोहे मागतात, तेव्हा त्यांच्याकडे पाहायची मला लाज वाटते. दिवसातून दहा-बारा वेळा मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते. आई म्हणते, ‘असले मनात आणू नकोस, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो.’ एका मैत्रिणीने शोकाच्या पाच पायऱ्यांचा मजकूर पाठवला, पण मी कोणत्या पायरीवर आहे ते मला कळेना. ताई, मी माझ्या वडिलांचे वाईट चिंतते आहे का? आणि आताच एवढे रडून घेतले, तर पुढे थोडे कमी रडावे लागेल का?

उत्तर : शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देते, कारण सगळे पत्र त्यांच्याच ओझ्याखाली आहे. तुम्ही वडिलांचे वाईट चिंतत नाही. आणि आता रडून घेतल्याने पुढचे रडणे कमी होईल, असे आश्वासन मला देता येणार नाही.

आपल्या भाषेत ‘चिंतणे’ या एकाच क्रियापदाला इच्छिणे आणि काळजीने घोळवत राहणे असे दोन्ही अर्थ चिकटले आहेत, आणि तुमचा व तुमच्या आईंचा सगळा घोटाळा त्या दोन अर्थांमधला आहे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपण नेहमी दटावणीच्या सुरात ऐकतो. पण ती नीट वाचली तर तिच्यात दोष कुठेच नाही. वैऱ्याला तुमच्या बाबांसाठी रात्री दोन वाजता जागायला सवड नसते. ते काम ज्याचा जीव अडकलेला आहे तोच करतो. वास्तुपुरुषाविषयी मी आईंशी वाद घालणार नाही, मात्र प्रत्येक मध्यरात्रीच्या भीतीला त्याने तथास्तु म्हटले असते, तर मराठी घरांत एकही म्हातारे माणूस उरले नसते, एवढे त्यांना माझ्या वतीने जरूर सांगा.

तुम्हाला जे होते आहे त्याला मानसशास्त्रात नाव आहे. मी त्याला ‘आगाऊ शोक’ म्हणते, कारण त्या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे लागू पडतात : तो वेळेच्या आधी येतो, आणि न बोलावता पुढे पुढे करतो. एरिक लिंडेमन या बोस्टनच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९४४ सालच्या एका लेखात या अवस्थेची नोंद केली. नोव्हेंबर १९४२ मध्ये बोस्टनमधल्या एका नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या आप्तांवर उपचार करताना लिंडेमन यांनी शोकाचा बारकाईने अभ्यास केला. त्याच लेखाच्या शेवटाकडे त्यांनी महायुद्धातून घरी परतलेल्या एका सैनिकाची हकीकत दिली आहे. तो जिवंत परत आला, पण त्याची बायको त्याच्यावर प्रेम करीनाशी झाली होती आणि तिला घटस्फोट हवा होता. तो मरणार असे धरून ती इतकी शोक करीत राहिली होती की तिच्या मनाने त्याला कधीच निरोप देऊन टाकला होता. जिवंत परतलेल्या माणसाला ठेवायला तिच्यापाशी जागा उरली नव्हती.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य उठावण्याच्या सूचनेचे नाही, पोह्यांचे आहे. मध्यरात्रीच्या विचारांनी बाबांचे काही बिघडत नाही. पण सकाळी त्यांच्या नजरेला नजर देणे तुम्ही टाळू लागलात, तर त्या सैनिकाच्या बायकोच्या वाटेने तुम्ही एक पाऊल टाकले आहे. आगाऊ रक्कम भरली की पुढचे देणे तेवढे कमी होते, हा हिशेब शोकाला लागू पडत नाही. दीर्घ आजाराच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या नातेवाइकांचे पुढे जे अभ्यास झाले, त्यांतही आधी तीव्र शोक करणाऱ्यांना नंतरचा शोक सोपा गेल्याचे दिसत नाही; अनेकांना तो अधिकच जड गेलेला दिसतो. तेव्हा रडू आले तर रडा, त्यात लपवण्यासारखे काही नाही. फक्त ते बचत म्हणून रडू नका.

आता साथीविषयी. कर्करोगासारख्या आजारात घराला एक वाट तरी दिसत असते : निदान, तपासण्या, डॉक्टरांचे बदलत जाणारे शब्द, आणि त्यांच्याबरोबर हळूहळू सैल होत जाणारी आशा. साथीत माणूस समोर बसून वर्तमानपत्र वाचत असते आणि धोका हवेत असतो, त्यामुळे शोकाला सुरुवात होते पण त्याला पुढे सरकायला जागाच मिळत नाही. शिवाय तुमचे पत्र पुन्हा वाचून पाहा. त्यात मृत्यूची भीती थोडी आहे आणि रुग्णवाहिकेच्या दाराची अधिक आहे. या दोन भीती वेगवेगळ्या आहेत, आणि दुसरीविषयी आपल्याला बरेच काही करता येते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या देहाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार आवश्यक ती काळजी घेऊन पिशवीची चेहऱ्याकडची चेन उघडून आप्तांना शेवटचे दर्शन घेता येते. मंत्र म्हणणे, पवित्र जल शिंपडणे असे देहाला स्पर्श न होणारे विधी करता येतात. देहाला स्नान घालणे किंवा मिठी मारणे यांना मनाई आहे. अस्थींपासून कोणताही धोका नसतो आणि त्या गोळा करता येतात. एप्रिलच्या गर्दीत आणि घबराटीत हे पुष्कळ ठिकाणी पाळले गेले नाही हे मलाही ठाऊक आहे. पण ‘नियमच तसा आहे’ असे कोणी सांगितले, तर नियम तसा नाही हे शांतपणे सांगण्याइतकी माहिती तुमच्यापाशी असू द्या.

रुग्णालयात जाण्याची वेळ आलीच तर काय न्यायचे, त्याची एक पिशवी आजच भरून ठेवा. औषधांची यादी, जुने अहवाल, लसीचे प्रमाणपत्र, चष्मा, कवळी, ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र, साधा फोन आणि लांब वायरचा चार्जर. एका कागदावर ठळक अक्षरांत लिहा की यांना घरी काय म्हणून हाक मारतात, यांना मराठी अधिक कळते की हिंदी, आणि घरच्या कोणत्या एका क्रमांकावर फोन करावा. पीपीई किटमधल्या, चेहरा न दिसणाऱ्या परिचारिकेने म्हाताऱ्या माणसाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारली, तर त्याला किती धीर येतो हे मी २०२० मध्ये वारंवार ऐकले आहे. अशी पिशवी भरणे अशुभ नव्हे. बाळंतपणाची पिशवी आपण आठव्या महिन्यातच भरून ठेवतो आणि तेव्हा कोणी वास्तुपुरुषाला मध्ये आणत नाही.

ऑक्सिमीटरचे काम कमी करा. सीओपीडीच्या रुग्णाचा नेहमीचा आकडा मुळातच इतरांपेक्षा कमी असू शकतो, म्हणून सर्वांना सांगितला जाणारा ९४ चा निकष त्यांना जसाच्या तसा लावून घाबरू नका. त्यांच्या डॉक्टरांकडून त्यांचा स्वतःचा आकडा, आणि तो कितीवर आला की फोन करायचा, हे लिहून घ्या. बोटे थंड असली तरी आकडा चुकतो. सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी, बाबा पाच मिनिटे शांत बसल्यानंतर मोजा आणि वहीत लिहा. मध्येच दम वाढला किंवा ते वेगळे दिसू लागले तरच पुन्हा. बारा वेळा मोजण्यातून तुम्हाला माहिती मिळत नाही, फक्त बाबांना दिवसातून बारा वेळा कळते की लेक घाबरलेली आहे.

पाच पायऱ्यांचा मजकूर पुसून टाका. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेल्या त्या अवस्था मुळात स्वतः मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांतून आलेल्या होत्या, आणि त्या त्याच क्रमाने याव्यात असा आग्रह पुढे खुद्द त्यांचाही राहिला नाही. त्या जिन्यावर तुम्ही कुठे उभ्या आहात हे शोधण्याची गरज नाही.

मग काय करावे? तुमचा भाऊ त्या काल्पनिक प्रवासात रोज रात्री उशिरा पोहोचतो. त्याला खरा प्रवास आत्ता करायला सांगा. लस झाली असेल तर तपासणी करून, मुखपट्टी लावून त्याने गणपतीला चार दिवस यावे.  आणि ‘बाबांचे वय झाले आहे, म्हणून ये’ असेच सांगा. सण हे निमित्त आहे हे त्यालाही कळेल, त्यात बिघडत काही नाही.

बाबा मिलमधले आहेत असे तुम्ही ओघात लिहून गेलात. इंदूरच्या मिलमजुरांनी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्यांसाठी, म्हणजे चित्ररथांसाठी, रात्री जागवल्या, आणि रात्रभर रस्त्याच्या कडेला बसून त्या पाहिल्या नाहीत असे आपल्या पिढीत कोण आहे? साथीमुळे २०२० आणि २०२१ मध्ये ती मिरवणूक निघाली नाही. झांकीचा सांगाडा कशाचा करीत, फिरत्या मूर्तींना गती कोण देई, पाऊस आला तर काय करीत, हे बाबांना विचारा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. आठवण म्हणून जपायला करा असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर तेही आगाऊच होईल. तुम्हाला ते ठाऊक नाही आणि बाबांना ठाऊक आहे, एवढे कारण पुरे.

झोप सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ मोडत राहिली, अन्नावरची वासना उडाली, नोकरीचे काम होईना, किंवा ‘आपणच नसावे’ असे कधी मनात आले, तर मात्र माझ्या उत्तरावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा; बाणगंगेला शासकीय मानसिक रुग्णालय आहे. केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ या निःशुल्क दूरध्वनी सेवेवर मराठीतही बोलता येते. तिचा क्रमांक १४४१६ आहे.

प्रश्न : मी ७६ वर्षांचा, पत्नी ७१. आम्ही जुन्या पलासियात राहतो. मुलगा हैदराबादला, मुलगी कॅनडात. सकाळी बागेत बसणारे आम्ही सात जण होतो, मे महिन्यानंतर पाच उरलो. मला भीती वाटत नाही, पण आवराआवर करायची आहे. फोनवर मृत्युपत्र, लॉकर, व्हेंटिलेटर यांपैकी एकही शब्द काढला की मुलगा विषय बदलतो, मुलगी रडू लागते, आणि पत्नी उठून स्वयंपाकघरात जाते. स्वतःच्या मरणाविषयी स्वतःच्या घरात बोलायची सोय नाही, हा कुठला न्याय? आणखी एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. रात्री उठून मी घरातल्या वस्तूंना हात लावून येतो. कपाट, शिवणयंत्र, वडिलांची काठी.

उत्तर : ‘भीती वाटत नाही’ हे वाक्य खरे आहे आणि काठीला हात लावणेही खरे आहे, दोन्ही एका वेळी असू शकतात. शोक मागे राहणाऱ्यांनीच करायचा असतो असा आपला समज आहे. प्रत्यक्षात जाणारा एका माणसाला मुकत नाही, तो सगळ्यांनाच मुकणार असतो. काठीला, शिवणयंत्राला आणि बागेतल्या त्या रिकाम्या दोन जागांनाही. ते हात लावणे मुळीच थांबवू नका. जमले तर पत्नीला बरोबर न्या. मला वाटते, त्याही स्वयंपाकघरात जाऊन तेच करीत असाव्यात.

तुम्ही जे करू पाहता त्याला आपल्याकडे ‘निरवानिरव’ असा सुरेख शब्द आहे. जुन्या पिढीतली माणसे ती उघडपणे करीत : कोणाचे देणे आहे, कोणती वाटी कोणत्या सुनेला, तेराव्याला किती माणसे. तो शब्द बोलण्यातून गेला आणि त्याबरोबर तसे बोलण्याची रीतही गेली. तुमच्या मुलांवर रागावू नका. वरचे पत्र लिहिणाऱ्या बाईंप्रमाणेच तीही रात्री दोन वाजता तुम्हाला पोहोचवून येत असतात. म्हणून दिवसा तोच विषय त्यांना सोसवत नाही. फोनवर ‘व्हेंटिलेटर’ या शब्दाने सुरुवात करण्याऐवजी मुलाला एक काम सांगा : ‘बँकेचे कागद मला एकट्याने लावता येत नाहीत, रविवारी तासभर व्हिडिओवर बस.’ काम मिळाले की मुलगे बोलतात. मुलीला मात्र हाताने पत्र लिहा, आणि त्यात मागण्याआधी एक गोष्ट देऊन टाका : मी गेलो तेव्हा तुला विमान मिळाले नाही, तर त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस, माझी काही तक्रार नसेल, असे तुमच्या अक्षरात. या काळात परदेशातल्या लेकीला याहून मोठे काही देता येत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. मृत्युपत्रासाठी मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही बंधनकारक नाही. तुमची सही आणि ती सही पाहणारे दोन साक्षीदार पुरतात, फक्त ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. खात्यावर नामनिर्देशन केले की ती व्यक्ती मालक होते, हा गैरसमज सर्वत्र आहे. ती केवळ रक्कम स्वीकारणारी असते, वारसाहक्क वेगळा. उपचारांविषयी आगाऊ इच्छा लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केला आहे. त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची स्वाक्षरी अशी पद्धत आहे (२०२३ पर्यंत त्याऐवजी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वाक्षरी लागे आणि ते किचकट होते, हे मी कबूल करते). ती होईपर्यंत निदान इच्छा लिहून पत्नीजवळ व मुलाजवळ ठेवा, आणि वेळ आली तर निर्णय कोणी एकाने घ्यायचा हे नावानिशी लिहा. पाच जणांनी मिळून घ्यायचा निर्णय बहुधा घेतलाच जात नाही. मात्र ‘व्हेंटिलेटर नको’ एवढेच दोन शब्द लिहू नका. कोविडमध्ये काहींना थोड्या दिवसांपुरताच श्वासाचा आधार लागतो आणि ती माणसे बरी होऊन घरी येतात. बरे होण्याची आशा संपल्यावर यंत्रावर देह टिकवणे ही निराळी गोष्ट आहे. तुम्हाला यांपैकी नेमके काय नको आहे, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून मग लिहा.

बागेत मात्र जात राहा. अंतर ठेवून बसा, पण पाच जणांनी बसा, आणि त्या दोघांची नावे काढा.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. शाळा बंद, म्हणून दिवसभर घरातच असते. रात्री दोन-तीनदा उठून आजीच्या खोलीत जाते आणि तिचा श्वास चालू आहे का ते पाहते. ‘आजी मरणार का?’ असे विचारते, तेव्हा मी ‘काहीतरीच काय बोलतेस’ म्हणून गप्प करते. मी चुकते आहे का?

उत्तर : थोडे चुकते आहे. तिला गप्प केले की प्रश्न संपत नाही, फक्त तो विचारायला माणूस उरत नाही, म्हणून ती स्वतः जाऊन उत्तर पाहून येते. ‘आजी कधीच मरणार नाही’ असेही सांगू नका, नऊ वर्षांच्या मुलीला ते खोटे आहे हे कळते. आज आजी बरी आहे, तिने लस घेतली आहे, कधीतरी सगळेच मरतात, आणि आजीला काही झाले तर मी तुझ्यापासून लपवणार नाही, तुला खरे तेच सांगेन, एवढे तिला सांगा. त्यातला शेवटचा भाग तिला सर्वांत जास्त हवा आहे. शेजारीपाजारी कोणी गेले असेल, तर ‘झोपले आणि उठलेच नाहीत’ असे तिच्यासमोर म्हटले गेले होते का, ते आठवून पाहा. मुले ते शब्दशः घेतात आणि मग घरातल्या झोपलेल्या माणसांवर पहारा ठेवतात.

रोज रात्री आजींच्या उशाशी तांब्या-भांडे नेऊन ठेवण्याचे काम तिला द्या, म्हणजे त्या खोलीत जायला तिला चोरून जावे लागणार नाही. आजींनाही या तपासणीची कल्पना द्या. अंधारात पाऊल वाजले की त्यांनी नुसते ‘काय ग’ म्हटले, तरी मुलगी परत जाऊन झोपेल.